खोका कोणता घ्यावा?



मार्च २०२५ पासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. गणपतीत विचारला, दिवाळीच्या फराळाला विचारला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या रांगेतही विचारला: "वीज गेली तर चालवायला तो बॅटरीचा खोका कोणता घ्यावा हो?" आमच्यापैकी एकाने रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. त्यामुळे बॅटरी, लोणच्याचा खार आणि साडीवरचा हळदीचा डाग या तिन्हींवर आमचा अधिकार आहे, असा मंडळात समज आहे. प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे असे कार्यकारिणीचे म्हणणे पडले, म्हणून हा लेख. ('खोका' या शब्दाला अलीकडे महाराष्ट्रात निराळाच अर्थ आला आहे. आम्ही इथे फक्त बॅटरीच्या खोक्याबद्दल बोलत आहोत.)

मार्च २०२५ का, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. आल्फ्रेड वादळ कित्येक दिवस समुद्रात रेंगाळले आणि ८ मार्चला ब्रायबी बेटाजवळ किनाऱ्याला लागले. तोवर त्याचा जोर उतरला होता, तरी आग्नेय क्वीन्सलँडात तीन लाखांहून अधिक घरे-दुकाने अंधारात गेली. सर्वांत जास्त झळ गोल्ड कोस्टला बसली. स्प्रिंगफील्ड लेक्सला आपण समुद्रापासून आत आहोत, पण म्हणून निश्चिंत राहावे असे नाही. ३१ ऑक्टोबर २०२० च्या गारपिटीने आपल्याच गल्ल्यांतली छपरे फोडली आणि पुढे कित्येक महिने छपरांवर ताडपत्र्या होत्या. तेव्हा 'आपल्याकडे काही होत नाही' हे वाक्य आपण तरी उच्चारू नये.

आल्फ्रेडच्या वेळी आमच्याकडे वीज फार वेळ गेली नाही. वारा पडून रस्ते मोकळे झाल्यावर गोल्ड कोस्टचे एक स्नेही सहकुटुंब आमच्याकडे राहायला आले. बरोबर त्यांच्या आई होत्या. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. काकूंना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास आहे, रात्री मास्क लावून मशीन चालवावे लागते. घरात वीज नव्हती त्या दोन रात्री काकू खुर्चीत बसून होत्या. मुलाला आणि सुनेला वाटले, वादळाच्या भीतीने झोप लागत नसेल. आमच्याकडे आल्यावर दुपारी जेवताजेवता त्यांचे डोळे मिटायला लागले, तेव्हा विचारले म्हणून कळले.

"अहो काकू, सांगायचं नाही का?"

"त्यांची आधीच धावपळ. फ्रीजमधलं सगळं वाया चाललं होतं. त्यात माझं काय सांगायचं?"

आणि त्यांच्या घरात खोका होता! एक हजार वॉट-अवरचा, चांगल्या प्रतीचा. तो पहिल्याच दिवशी फ्रीजला जोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा झाला. यात कोणाचाच दोष नाही. वीज गेली की फ्रीज डोळ्यांसमोर असतो. आजीचे मशीन रात्री दहानंतर आठवते, तेही आजीलाच.

तेव्हापासून खोका कोणता, हा प्रश्न आम्ही आधी विचारत नाही. खोका कोणासाठी, हे आधी विचारतो. त्याचे उत्तर मिळाले की बाकीचे साध्या बेरजेने सुटते.

ती बेरीज अशी. जाहिरातीत दोन आकडे असतात, वॉट आणि वॉट-अवर. पाण्याच्या टाकीची उपमा घ्या. वॉट-अवर म्हणजे टाकीत पाणी किती, आणि वॉट म्हणजे नळाची तोटी केवढी. पाण्याची किटली २,४०० वॉट ओढते. लहान खोक्याची तोटी तेवढी मोठी नसते, म्हणून तो लगेच बंद पडतो. पण एक लिटर पाणी उकळायला लागतात जेमतेम शंभर वॉट-अवर. उलट फ्रीज तोटी लहान ठेवतो, पण दिवसभर पीत राहतो आणि चोवीस तासांत हजार किंवा त्याहून जास्त वॉट-अवर संपवतो. शिवाय त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतो, ते वेगळेच. आपला भारतातून आणलेला ७५० वॉटचा मिक्सर दोन मिनिटे फिरवला तर पंचवीस वॉट-अवर खातो. म्हणजे चटणी परवडते.

खोक्यावर एक हजार लिहिले असले तरी भिंतीसारख्या सॉकेटातून साधारण साडेआठशेच हाती येतात. बॅटरीची डीसी वीज घरगुती एसीत बदलताना बाकीची उष्णता होऊन जाते. आता काकूंचे मशीन बघू. गरम वाफेचा भाग बंद ठेवला तर ते साधारण पस्तीस वॉट घेते. आठ तासांचे झाले २८०. साडेआठशेला २८० ने भागा. म्हणजे जो खोका फ्रीजला एक दिवस पुरत नाही, तोच काकूंना तीन रात्री झोपवतो. मशीनची डीसी केबल वेगळी मिळत असेल तर ती घ्यावी, एसी करण्यातली गळती वाचते. वाफ बंद ठेवणे चालेल का, हे मात्र डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

मग फ्रीजचे काय? दार उघडू नये. न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो आणि गच्च भरलेला फ्रीझर जवळजवळ दोन दिवस. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर आणखी बरे. इन्सुलिनसाठी अख्खा फ्रीज चालवण्याची गरज नाही. लहान थर्मास किंवा शीतपेटी पुरते, फक्त औषध बर्फाला थेट लावू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेले पेन बाहेर किती दिवस चालते ते त्याच्या कागदावर छापलेले असते. वादळाच्या आधी वाचून ठेवावे, मेणबत्तीच्या उजेडात नको.

आता रसायनशास्त्र, थोडक्यात. बाजारात दोन जातींच्या लिथियम बॅटऱ्या दिसतील. एकीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असते, दुसरीत लोह आणि फॉस्फेट. लोह-फॉस्फेटचा शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंदस्वामी ही नावे आहेत. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीच्या कामासाठी नोबेल विभागून मिळाले. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो की बॅटरी तापली तरी तो सहजी सुटत नाही, आणि आगीला ऑक्सिजन मिळाला नाही की तिचा भडका कमी. वजन थोडे जास्त भरते, पण घरात पलंगाशेजारी ठेवायच्या वस्तूत आम्ही लोह-फॉस्फेटच घेऊ.

जाहिरातीत 'चार हजार वेळा चार्ज होते' असे मोठ्या अक्षरांत असते. त्यावर भाळू नये. आमची शाळा-कॉलेजची वर्षे महाराष्ट्रात भारनियमनात गेली. तेव्हा दाराआड इन्व्हर्टर आणि पन्नास किलोच्या वरची शिशाची बॅटरी असायची. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणे हे थोरल्या मुलाचे काम. ती बॅटरी रोज रिकामी व्हायची आणि रोज भरायची, तिथे चार्जच्या संख्येला अर्थ होता. त्या भारनियमनाला निदान वेळापत्रक होते. पेपरात छापून यायचे, आणि आई त्याप्रमाणे कुकर लावायची. इथे वीज दोन वर्षांत एकदा जाते, न सांगता जाते, आणि गेली की तीन-तीन दिवस येत नाही. चार हजार वेळा चार्ज करायला आपल्याला नातवंडांचा काळ यावा लागेल. इथला खोका वापरून झिजण्यापेक्षा पडून राहून खराब होण्याची शक्यता जास्त. म्हणून तो उन्हाळ्यात तापलेल्या गराजमध्ये न ठेवता घरात ठेवावा, दर तीन महिन्यांनी बघावा, एरवी अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला असावा आणि वादळाचा इशारा आला की पूर्ण भरावा.

खरेदी करताना एवढेच तपासा: ऑस्ट्रेलियाची तीन-पिनी २३० व्होल्टची सॉकेट आणि आरसीएमचे चिन्ह आहे ना, विजेचा प्रकार 'प्युअर साइन वेव्ह' लिहिला आहे ना, आणि आजीआजोबांना तो उचलता येईल का. हजार वॉट-अवरचा लोह-फॉस्फेटचा खोका दहा ते पंधरा किलोचा भरतो. किमती दर सेलला बदलतात, तेव्हा किमतीला वॉट-अवरने भागून तुलना करा. 'भारतात नेता येईल का' हा प्रश्नही येतो. विमानात साधारणपणे शंभर वॉट-अवरपर्यंतच बॅटरी चालते आणि विमान कंपनीच्या परवानगीने एकशे साठपर्यंत. तेव्हा नाही. आणि जुना झाला तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, गाडीत दाबला गेला की पेटतो.

"आमच्या छपरावर सोलर आहे, आम्हाला काय काळजी?" असे म्हणणाऱ्यांसाठी: बाहेरची वीज गेली की साधी सोलर यंत्रणाही आपोआप बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तसा नियमच आहे. बॅकअपची सोय असलेली बॅटरी बसवली असेल तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने घरगुती बॅटरीला सवलत सुरू केली, ती सोलरला जोडून बसवलेल्या, पाच किलोवॉट-अवर आणि त्याहून मोठ्या बॅटरीला. हातात धरून न्यायच्या खोक्याला ती नाही. आणि पेट्रोलचा जनरेटर गराजमध्ये कधीही लावू नका, दार अर्धे उघडे ठेवूनसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी फुकट आहेत. घरात कोणी श्वासाच्या किंवा तशा वैद्यकीय यंत्रावर अवलंबून असेल तर डॉक्टरांशी बोलून वीज कंपनीकडे 'लाइफ सपोर्ट' नोंदणी होते का ते विचारा. अशा नोंदणीने वीज जायची थांबत नाही, पण दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद करायची असेल तर आधी कळवावे लागते. दुसरे, गराजचे दार हाताने उघडायची दोरी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. आपण सगळे गराजमधूनच आतबाहेर करतो.

आता मंडळाचा विषय. पुढच्या बैठकीत 'मंडळासाठी एक मोठा खोका घ्यावा' असा प्रस्ताव येतो आहे. चार हजार वॉट-अवरचा, चाकांचा, कार्यक्रमात ध्वनिक्षेपकालाही चालेल असा. आमचे मत स्पष्ट आहे: एका मोठ्याऐवजी त्याच पैशात जितके लहान येतील तितके घ्यावेत. मोठा खोका एकाच्या घरी राहील आणि पूर आलेल्या रस्त्यावरून तो कोणी नेणार नाही. लहान खोके इशारा मिळताच त्या त्या घरी पोचवता येतील. ध्वनिक्षेपकाला हॉलमधली वीज आहे.

आपण इथे आलो तेव्हा गल्लीत काका-मामा आले नाहीत. वीज गेली की ओट्यावर बसायचे, शेजारच्या वाड्यात मुलांना झोपायला पाठवायचे, ही सोय मागे राहिली. पाहुणे म्हणून येणाऱ्या आईवडिलांना तर शेजाऱ्याचे दार ठोठावायलाही संकोच होतो, आणि आपल्याच मुलाला सांगायलाही. त्यांना 'काही हवंय का' असे विचारले तर 'काही नको' हेच उत्तर येणार. म्हणून विचारायची पद्धत बदलावी लागेल.

या अंकाबरोबर एक कोरा कागद जोडला आहे. त्यावर घरातल्या ज्येष्ठांचे आणि लहान बाळांचे रात्री चालणारे प्रत्येक यंत्र लिहा, आणि त्याच्या अडॅप्टरवर छापलेले वॉट लिहा. वॉट नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर लिहा, गुणाकार आम्ही करू. तो आकडा कमाल असतो, प्रत्यक्षात यंत्र कमीच घेते. आईबाबांना विचारून लिहू नका, त्यांच्या पलंगाजवळ जाऊन बघून लिहा. कागद बैठकीपूर्वी कार्यकारिणीत कोणाकडेही द्यावा. यादी हातात आली की किती खोके आणि केवढे, हे ठरवायला दहा मिनिटेही लागणार नाहीत.