डोरोथी कोठें गेली?

मुलांसाठीं लिहिलेली विनोदी अद्भुतकथांची मालिका लांबली, कीं लेखकास नवीं नवीं चमत्कारिक पात्रें आणण्याचा मोह आवरत नाहीं. अमेरिकन ग्रंथकार एल्. फ्रँक बाउम यांच्या 'ओझ' राज्याच्या 14 कादंबऱ्याच पहा. पहिलींत (1900) वादळानें उडालेली डोरोथी घरची वाट शोधते. बुजगावणें, पत्र्याचा लाकूडतोड्या व भित्रा सिंह हे तिचे सोबती. हंसतां हंसतां तिची काळजी वाटत राहते. 1909 च्या कथेंत मात्र ओझ्मा राणीच्या वाढदिवसास बाउम यांनीं आपल्या इतर पुस्तकांतील पात्रेंही पंक्तीस बसविलीं! मुंजीच्या गर्दींत बटूच दिसेनासा व्हावा, तसें झालें. मी हें मराठींत सांगत असतां नात विचारते, "आजोबा, डोरोथी कुठं गेली?" याहून नेमकी टीका मला सुचत नाहीं.

पुढच्याच वर्षींच्या कथेंत ते सांवरले. कर्जानें शेत गमावण्याची पाळी आलेल्या काकाकाकूंना डोरोथी ओझमध्यें आणते, कागदी बाहुल्यांचें गांव दाखविते. आणि मध्यंतरीं नोमांचा राजा स्वारीसाठीं भुयार खणवीत असतो. त्या भुयारामुळें सहलीस गोडी येते. (सहल अंमळ लांबली आहे, हें खरें.) येथेंच मालिका संपवावी असें बाउम यांनीं ठरविलें होतें, 1913 सालीं पुढची कथा आलीच.