पोराच्या हातातला पाना

खुलताबाद म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भद्रा मारुती येईल, नाही तर शेजारचे वेरूळ. आमचे चार एकर रान त्याच भागात आहे. दीड एकर आद्रक, बाकी मका आणि कपाशी. आद्रकीला भर लावताना चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानाचा आवाज आला की आमचा धाकटा खुरपे टाकून वर बघत राही. "अरे, विमान त्याच्या वाटेनं जातंय, इथं तण वाढतंय," असे मी ओरडायचो. पोराला विमान उडवायचे नव्हते, ते उघडून आत बघायचे होते, हे मला फार उशिरा कळले.

तो बारावी सायन्स झाला त्या साली आद्रकीला भाव बरा लागला होता. 'विमान क्षेत्रात हमखास नोकरी' असे एका संस्थेचे पत्रक हाती पडले. संस्थेचे नाव सांगत नाही. चूक तिची तशी माझीही. सव्वा लाख रुपये भरले आणि पावती देवघरात ठेवली. दहा महिने पोराने टाय बांधला, प्रवाशांशी बोलायचे इंग्रजी पाठ केले. पाना काही एकदाही हातात आला नाही.

शेजारच्या गावात वायुदलातून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत. त्यांना प्रमाणपत्र दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि एवढेच विचारले, "भाऊ, या संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का?"

मला ते नावच नवे होते. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. प्रवासी विमान दुरुस्त केल्यावर 'हे उडायला योग्य आहे' अशी सही झाल्याशिवाय ते हलत नाही, आणि ती सही करायला या कार्यालयाचा परवाना लागतो. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवे. मग मान्यता असलेल्या संस्थेत शिक्षण, परीक्षेचे एकेक भाग पास होणे आणि चालू विमानांवर ठराविक काळ काम, एवढे झाल्यावर परवाना. बी-1 म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी-2 म्हणजे विजेची आणि रेडिओची उपकरणे. कोणत्या संस्थांना मान्यता आहे त्याची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. फी भरण्याआधी ती पाच मिनिटांत पाहता आली असती. बियाण्याची पिशवी घेताना मी लेबल दोनदा वाचतो. पोराच्या बाबतीत एकदाही वाचले नाही.

आता त्या वाटेची फी झेपणारी नव्हती. अण्णा म्हणाले, "मग आयटीआयला घाला. फिटर करा."

घरात जणू सुतकच आले. मालकीण म्हणाली, "बारावी शिकलेल्या पोरानं पुन्हा दहावीवाल्यांत बसायचं व्हय?" आमचे मेहुणे तर म्हणाले की आयटीआय म्हणजे नापासांची शाळा. खरे सांगतो, मलाही तसेच वाटत होते. पोरगाच बोलला, "दादा, तिथं निदान हातात कानस तरी देतील."

दोन वर्षे त्याने फिटरचा कोर्स केला. विमानाचा सांगाडा जोडण्याचा वेगळा ट्रेडही असतो. मिहानमध्ये विमानाचे भाग बनवणाऱ्या दासो या फ्रेंच कंपनीच्या मदतीने तो नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये सुरू झाला. पण नागपूर आम्हाला लांब पडत होते. पुढे शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा कायदा आहे, त्याखाली धाकट्याला ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये वर्षभराची जागा मिळाली. द्राक्षांच्या पट्ट्यातला हा कारखाना 1964 सालचा. आधी मिग, मग सुखोई तिथे बनली, आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथे जोडलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने उड्डाण केले. वर्ष संपले की परीक्षा होते. पण शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे लक्षात ठेवा. आमच्या भावकीला अजून हे पटत नाही, 'पोरगं लागलं' असेच सगळीकडे सांगतात. कायम झाला नाही तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशासाठी अर्ज करायचा, असे त्याने ठरवले आहे.

सुट्टीत आला की तो गोष्टी सांगतो. 1990 साली ब्रिटनमध्ये एका विमानाची पुढची काच बदलली. जुना बोल्ट हातात धरून, त्याच्यासारखे दिसणारे बोल्ट नजरेने निवडले. 90 पैकी 84 केसभर बारीक निघाले. सतरा हजार फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सोबत्यांनी त्याला घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले आणि कॅप्टन वाचला. हे ऐकून मी गुपचूप उठलो. नांगराला सकाळीच मी असाच एक 'चालून जाईल' बोल्ट घातला होता.

दिवाळीला त्याने घरी एक फळी ठोकली. प्रत्येक पाना, पकड, हातोडी तीवर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली आणि खिळे ठोकले. जागा रिकामी दिसली की हत्यार कुठे तरी राहिले. तिकडे काम संपले की हत्यारे मोजतात, एक जरी कमी भरले तर सापडेपर्यंत विमान हलू देत नाहीत. मालकीण हसली, "माझी विळी पण लाव बाबा तिथं."

निघायच्या दिवशी पिशवी भरून झाली, नाशिकच्या गाडीची वेळ झाली, आणि फळीवर दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी. "दादा, कुठं ठेवलाय?" मला आठवेना. "जा रे, गाडी चुकेल, मी शोधतो," म्हटले. तो बॅटरी घेऊन उलट विहिरीकडे चालू लागला. मीही मागोमाग गेलो. पाना मोटारीच्या पेटीवर सापडला, आदल्या दिवशी मीच ठेवलेला. त्याने तो शर्टाला पुसला, घरी येऊन खिळ्याला अडकवला, आईच्या पाया पडला आणि पिशवी उचलली.

ती गाडी गेलीच होती. दुसरी दीड तासाने मिळाली.