गाळ वळणावरच का धरतो?

ज्याने पाटाचे पाणी धरले आहे त्याला हे सांगायला नको, की गाळ सगळीकडे सारखा बसत नाही. सरळ चारी बरीचशी साफ राहते. फावडे घालावे लागते ते वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी रेंगाळते.

आपल्या अंगातही पुष्कळसे असेच आहे. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीला रोहिणी म्हणतात. कोलेस्टेरॉल रक्ताबरोबर सगळीकडे फिरते, पण भिंतीत धरते ते बहुधा ठरावीक जागी : मानेतल्या रोहिणीला जिथे फाटा फुटतो तिथे, हृदयाच्या रोहिण्यांच्या वळणांवर, पोटात खाली जिथे पायांकडे दोन वाटा होतात तिथे.

आमच्या भागातल्या एका अण्णांच्या हातून दारे धरताना फावडे गळाले. उजवा हात लुळा, बोबडी वळलेली. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत. "उन्हानं झालं असंल," म्हणून ते पुन्हा पाण्यात उतरणार होते. सूनबाईने ऐकले नाही, त्याच दिवशी तालुक्याला नेले. असा झटका येऊन गेला तरी तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो, म्हणून तिने केले तेच बरोबर. मानेची सोनोग्राफी झाली, तो डाव्या फाट्यावरच थर. मला म्हणाले, "साहेब, एवढी लांब नस सोडून इथंच कसं धरलं?"

शास्त्रज्ञांनाही हेच कोडे होते. १९६८ साली अमेरिकेतल्या डोनाल्ड फ्राय यांनी मांडले, की जोराच्या प्रवाहाने रोहिणीचे अस्तर दुखावते. आपणही तेच म्हटले असते. बांध फुटतो तो धारेच्या तोंडी. पण १९६९ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कॉलिन कॅरो व सहकाऱ्यांनी उलटे सांगितले : सुरुवातीचे थर दिसतात ते भिंतीला प्रवाहाची घासण कमी असते तिथे. पुढे हेच मत बळकट झाले.

गाळाची उपमा मात्र इथे सोडावी लागते. अस्तराच्या पेशींना रक्ताची घासण कळते. प्रवाह एका दिशेने नीट वाहिला, की त्या त्याच्या रोखाने लांबट होऊन बसतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने नळी सैल राहते. फाट्याच्या बाहेरच्या अंगाला रक्त मंदावते, मागेपुढे हेलकावते. तिथे पेशींची घडी विस्कटते, कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरून अडकते, आणि ते खायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून तिथेच राहतात. म्हणजे थर पाटाच्या तळाला नाही, काठाच्या पोटात.

"रोज दोन कोस चाललो तर धुऊन जाईल का?" या प्रश्नाला म्हणूनच मला नाही म्हणावे लागले. चालण्याने प्रवाह सुधारतो, अस्तराला बळ येते, ते करावेच. पण फाटा जन्माचा, तो सरळ होत नाही. हाती उरते ते कोलेस्टेरॉलची गोळी, आटोक्यातला रक्तदाब आणि विडी-तंबाखू बंद. विडी सोडणे अण्णांना फार जड गेले. गोळी तर "आता बरं हाय" म्हणून दोनदा सोडली. आता सूनबाई सकाळी चहाच्या बशीतच ठेवते, आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.