ठेवावी अशी छायाचित्रे

२०२४ सालच्या जानेवारी महिन्यात आमच्या छोट्याशा धर्मग्रामाची सहल लोणारला गेली होती. बुलढाणा जिल्ह्यात राहूनही आमच्यापैकी निम्म्याहून अधिक माणसांनी ते सरोवर पाहिलेले नव्हते. घराजवळचे तीर्थ दूरच राहते, तसाच हा प्रकार. एक बस ठरविली, बायकांनी पहाटे उठून पोळ्या आणि बेसनाचे डबे बांधले आणि मेहकरमार्गे आम्ही लोणारला पोहोचलो. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात पडलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावरून प्रथम दृष्टीस पडले, तेव्हा बसमधली बडबडी पोरेही क्षणभर गप्प झाली. मात्र तो क्षण फार टिकला नाही. लगेच चौदा हात वर गेले आणि चौदा मोबाईल विवराकडे रोखले गेले.

गोमुखाच्या धारेपाशी, दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पांपुढे, परतीच्या वाटेवर सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी, इतकेच काय, चहाच्या टपरीवर आणि बसचे चाक पंक्चर झाले तिथेही छायाचित्रे निघतच राहिली. दुसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर युवक मंडळाच्या मुलांनी सर्वांची छायाचित्रे एका पेन ड्राइव्हवर गोळा करून आमच्या हाती दिली. म्हणाले, "फादर, यातली चांगली निवडून द्या, हॉलमधल्या फलकावर लावू." आम्ही संगणकावर आकडा पाहिला. तो एक हजार आठशे सेहेचाळीस होता!

फलकावर जागा होती चोवीस छायाचित्रांची. म्हणजे सुमारे सत्त्याहत्तर छायाचित्रांमागे एकाची निवड करावयाची होती. सलग तीन रात्री जेवणानंतर आम्ही त्या कामाला बसलो. एकाच दृश्याची अकरा-अकरा रूपे, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची मान कापली गेलेली, कुठे नुसते आकाश, कुठे कुणाच्या चपला. चोवीस बाजूला काढली आणि उरलेली सर्व पुसून टाकली. मुलांनाही सांगितले, "तुमची छायाचित्रे आमच्याकडे आली आहेत. आता मोबाईल रिकामे करा." नीटनेटकेपणाचा आम्हांला थोडा अभिमानच आहे. त्या अभिमानाची किंमत पुढे कळली. ती गोष्ट ओघाने येईलच.

निवड करता करता आमचे मन तीस वर्षे मागे गेले. १९९३ साली आम्ही गुरुमठात शिकत असताना आमच्या वर्गाची सहल अजिंठ्याला गेली होती. एकतीस विद्यार्थी आणि कॅमेरा एकच, तोही एका प्राध्यापकांनी विश्वासाने दिलेला. त्यात छत्तीस छायाचित्रांचा एक रोल. दुसरा रोल घेण्याइतके पैसे कुणापाशीच नव्हते. त्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी एक छोटी सभाच भरे. इथे काढावे की पुढच्या वळणावर? सगळे मावतील का? ऊन कुठून येते? रोल जपून भरला तर छत्तीसाऐवजी सदतीस-अडतीस निघतात, अशी एकाची माहिती होती आणि त्याने ती खरी करून दाखविली. रोल धुवायला दिल्यावर चार-पाच दिवस वाट पाहावी लागली. हाती आलेल्या प्रतींपैकी दोनांवर कुणाचा तरी अंगठा होता आणि तीन अंधारात बुडाल्या होत्या. तरी एकही फेकली गेली नाही. आज तो आल्बम आमच्या कपाटात आहे आणि त्यातील एकतीस चेहऱ्यांपैकी प्रत्येकाचे नाव आम्ही सांगू शकतो. त्याही आधीच्या पिढीत घरोघरी आग्फाचा 'क्लिक थ्री' नावाचा साधा कॅमेरा असे. त्याच्या एका रोलवर बारा छायाचित्रे येत. एका रोलमध्ये नाताळ, बारसे आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढे सगळे उरकणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की पूर्वी माणसे शहाणी होती आणि आता उधळी झाली. आम्हांला तसे वाटत नाही. पूर्वीचा संयम पुष्कळसा खिशाचा होता. ज्यांना रोलची ददात नव्हती ते तेव्हाही भरपूर काढीत. अमेरिकेतील दोन छायाचित्रकारांचे उदाहरण या बाबतीत मोठे बोलके आहे. दोघेही १९८४ सालीच निधन पावले. पहिले ऍन्सेल ऍडम्स. योसेमिटी खोऱ्यातील पर्वत आणि वृक्ष यांची त्यांनी टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे जगप्रसिद्ध आहेत. वर्षभरात बारा लक्षणीय छायाचित्रे हाती लागली तर ते चांगले पीक समजावे, असे ते म्हणत. महिन्याला एक! दुसरे गॅरी विनोग्रँड. हे रस्त्यावरच्या माणसांची छायाचित्रे अखंड काढीत हिंडत. त्यांच्या मृत्यूनंतर पाहिले तर सुमारे अडीच हजार रोल न धुताच पडलेले. एका रोलवर छत्तीस धरली तर ही नव्वद हजार छायाचित्रे होतात. काढणाऱ्याने ती एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती. आमच्या मुलांचे मोबाईल याहून काय निराळे आहेत?

तिसरे उदाहरण स्टीव्ह मकरी यांचे. कोडॅक कंपनीने २००९ साली कोडाक्रोम या आपल्या प्रसिद्ध रंगीत फिल्मचे उत्पादन थांबविले, तेव्हा तिचा अखेरचा रोल या छायाचित्रकाराने मागून घेतला. छत्तीस चौकटी, त्यानंतर कायमचा पूर्णविराम. न्यूयॉर्कला सुरुवात करून तो गृहस्थ रोल घेऊन भारतात आला, मुंबईत आणि राजस्थानात काही छायाचित्रे काढली आणि २०१० साली कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी जाऊन शेवटची चौकट संपविली. ती फिल्म धुणारी जगातली अखेरची प्रयोगशाळा त्याच गावात होती. शेवटचे छायाचित्र त्याने तिथल्या दफनभूमीत घेतले. आयुष्यभर लाखो छायाचित्रे काढलेल्या माणसाला छत्तीस चौकटी केवढ्या मोलाच्या वाटल्या असतील! आपल्यालाही सहलीला निघताना कुणी सांगितले की, तुझ्यापाशी आता छत्तीसच आहेत, तर आपण कॅमेरा कुणाकडे वळवू?

छायाचित्र ठेवण्याजोगे कशाने ठरते, याचा एक दाखला खुद्द लोणारनेच दिला आहे. २०२० सालच्या जून महिन्यात या सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्याची तपासणी केली. खारट पाण्यात वाढणाऱ्या, रंगद्रव्य धारण करणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा बदल झाल्याचे त्यांना आढळले. त्या काळात निघालेल्या असंख्य छायाचित्रांपैकी आमच्या मनात दोनच राहिली आहेत. ती लँडसॅट ८ या उपग्रहाने आकाशातून घेतलेली, एक २५ मेचे आणि दुसरे १० जूनचे. दोन्हींत सोळा दिवसांचे अंतर. पहिल्यात पाणी हिरवे, दुसऱ्यात गुलाबी. त्यांत ना कुणाचे हसू, ना सूर्यास्ताची शोभा. तरी ती मोलाची, कारण कुठले आणि केव्हाचे हे त्यांच्याविषयी निश्चित माहीत आहे, आणि कारण २५ मेचे छायाचित्र घेतले तेव्हा पुढे काय घडणार याची कुणालाच कल्पना नव्हती. पहिल्याला मोल आले ते दुसऱ्यामुळे. एखादे छायाचित्र काढले त्या दिवशी त्याची किंमत ठरत नाही, पुष्कळदा ती मागाहून ठरते.

ही गोष्ट आम्हांला उपग्रहाने शिकविली असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात ती एका विधवेने शिकविली.

आमच्या चर्चमध्ये घंटा वाजविणारे, वेदीवरच्या मेणबत्त्या सांभाळणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. लोणारच्या सहलीलाही ते आले होते. सहल म्हणजे त्यांना कामच. पाण्याचा कॅन उचलायचा, बसच्या दारात उभे राहून माणसे मोजायची, मागे राहिलेल्या आजीला हात द्यायचा. राखेच्या बुधवारच्या उपासनेलाही घंटा त्यांनीच वाजविली. त्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे ते झोपेतच गेले.

अंत्यविधीनंतर आठ-दहा दिवसांनी त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्या आणि जायला उठताना पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "फादर, लोणारले गेलो होतो तवाचा यायचा एखांदा फोटू असंल का?"

"मावशी, घरी नाही का एकही?"

"लग्नातला हाय, तो पार पिवळा पडला. अन् आधार कारडावरचा हाय. पण त्यात हे हे वाटतच नाहीत."

आम्ही त्यांना "पाहतो" म्हणालो आणि त्या गेल्यावर संगणकापुढे बसलो. चोवीस छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. सरोवर होते, मंदिर होते, उडी मारणारी मुले होती, आम्ही स्वतः तर चार ठिकाणी होतो. काका कुठेही नव्हते. आणि मग एकेक आठवू लागले. कॅन खांद्यावर घेतलेली एक पाठमोरी आकृती, बसच्या दारातला अस्पष्ट चेहरा, डबे वाटणारा एक हात. ती छायाचित्रे आम्ही पाहिली होती. 'हलले आहे', 'काळोखी आहे', 'मधे कुणीतरी आले आहे' असे म्हणत आमच्याच बोटाने पुसली होती. मधे आलेले ते कुणीतरी काका होते.

मुलांकडे चौकशी केली. त्यांनी आमची आज्ञा तंतोतंत पाळली होती. एरवी आम्ही दहा वेळा सांगितलेले ज्यांच्या ध्यानात राहत नाही, त्यांनी नेमके हेच ऐकले होते! अखेर अकरावीतल्या एका मुलीने भीत भीत सांगितले, "फादर, मी डिलीट करायचे विसरले." तिच्या मोबाईलमध्ये गोमुखापाशी घेतलेले मैत्रिणींचे एक छायाचित्र सापडले. चार मुली दात काढून हसताहेत आणि उजव्या कडेला, चौकटीबाहेर जाता जाता अडकलेले काका कुणालातरी पाण्याचा पेला पुढे करीत आहेत. चेहरा थोडा अस्पष्ट, एक कान कापलेला. पण ओठांवर तेच हसू होते, जे मिस्सा संपल्यावर मेणबत्त्या विझविताना असे.

गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याने तेवढाच भाग मोठा करून दिला. "फादर, फार स्पष्ट यायचे नाही," असे त्याने आधीच बजावले होते. मावशींनी तो हातात घेतला, पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "हे हायेत." एवढेच. अस्पष्टपणाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही मात्र त्यांच्यापाशी आमची चूक कबूल केली. ती कबुली देणे आम्हांला सोपे गेले नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मग सर्व एक हजार आठशे सेहेचाळीस ठेवावयाची होती का? यावर आम्ही पुष्कळ विचार केला. तसे करणेही खरे नव्हे. सगळे ठेवणारा माणूस काहीच पाहत नाही, विनोग्रँड यांचे न धुतलेले रोल याचे साक्षीदार आहेत. शिवाय साठवण फुकटची नसते. गूगलने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली आणि पंधरा जीबी भरली की पैसे मोजावे लागतात, हे घरोघरी ठाऊक आहे. निवड करावीच लागते. आमची चूक निवडण्यात नव्हती, मापात होती. छायाचित्र चांगले आले आहे का, एवढेच आम्ही पाहिले. त्यात कोण आले आहे, आणि कोण अजून कुठल्याच छायाचित्रात आलेले नाही, हे पाहिले नाही. मेंढपाळाने तरी कळप मोजताना हे विसरावयाचे नव्हते.

त्यानंतर आमच्या धर्मग्रामात काही साधे नियम आम्ही घालून घेतले आहेत. वाचकहो, पटले तर तुम्हीही घ्यावेत. सहलीहून आल्यावर प्रथम आलेल्या माणसांची यादी घ्यावी आणि प्रत्येकाचे निदान एक छायाचित्र, मग ते कसेही आलेले असो, बाजूला काढावे. त्यानंतर देखाव्यांची निवड करावी. सर्व मिळून छत्तीसच ठेवावीत असा आमचा दंडक आहे. माणसे अधिक असतील तर दंडक मोडावा, माणूस वगळू नये. मूळ छायाचित्रे केवळ व्हॉट्सॲपवर पाठवून समाधान मानू नये, कारण त्या वाटेने त्यांचा आकार आणि सुस्पष्टता घटते. त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. आणि निवडलेल्यांच्या कागदी प्रती काढून मागे हलक्या हाताने पेन्सिलीने स्थळ, दिनांक आणि नावे लिहावीत. पुसण्याचे काम मात्र वर्षभर लांबणीवर टाकावे.

आणि एक. घरातले जे माणूस नेहमी छायाचित्र काढते, किंवा डबा उघडण्यात गुंतलेले असते, त्याच्या हातचे काम दोन मिनिटे काढून घ्यावे आणि त्याला पुढे उभे करावे. ते "माझं कशाला" म्हणेल. ऐकू नये.

मावशींच्या घरी आम्ही आशीर्वादासाठी गेलो होतो. काकांचे ते छायाचित्र देवघराच्या खाली भिंतीवर लावलेले आहे. मागच्या बाजूला आम्ही लिहून दिले आहे : 'लोणार, गोमुख, जानेवारी २०२४.' पुढच्या बाजूला, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, एका हसऱ्या मुलीची अर्धी वेणी राहून गेली आहे. स्टुडिओवाला ती काढून टाकतो म्हणत होता. मावशी म्हणाल्या, असू द्या.