सहा टक्क्यांचा माणूस

संपादकांनी लेख मागताना दोन अटी घातल्या होत्या: आकडे कमी, किस्से जास्त. किस्सा आहे, पण तो आकड्यांचाच आहे. तेव्हा पहिली अट मोडणार, हे मी फोनवरच सांगून टाकलं.

माझं काम कर्जाच्या फायली वाचण्याचं. आधी बरीच वर्षं एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात केलं, आता कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या दोन-तीन कर्जसंस्थांसाठी बाहेरून करते. पगारदारांच्या फायली माझ्यापर्यंत येत नाहीत. पगारपावत्या, फॉर्म १६ आणि खातेउतारा जोडला की त्या आपल्याआप पुढे सरकतात. माझ्याकडे येतात फॅब्रिकेटर, केटरर, मंडपवाले, फरसाणवाले, डेंटिस्ट, क्वचित एखादे कीर्तनकार. यांचं उत्पन्न कागदावर आयतं मिळत नाही, जागेवर जाऊन शोधावं लागतं. आमच्या भाषेत याला ‘पीडी’ म्हणतात. अर्जदाराच्या दुकानात किंवा शेडमध्ये जाऊन बसायचं आणि प्रश्न विचारायचे. चहा नाकारायचा नाही. चहा नाकारला की समोरचा माणूस तुम्हाला इन्कम टॅक्सवाले समजतो.

गेल्या वर्षअखेरीला शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरची फाइल आली. फाउंड्र्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या, रॅक, जिने, प्लॅटफॉर्म हे त्याचं काम. शेड भाड्याची, कामगार पाच. ३६ लाखांचा फ्लॅट ठरवलेला, २८ लाखांचं कर्ज मागितलेलं, दोन लाख विसार दिलेला. सिबिल ७८१. एकही चेक परत गेलेला नाही.

शेडच्या दाराशेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. तारखेच्या प्रत्येक चौकोनात बॉलपेननं फाउंड्रीचं नाव आणि एक आकडा. फॅब्रिकेशनचा दर किलोवर ठरतो, तेव्हा हा आकडा म्हणजे त्या दिवशी बाहेर पडलेल्या मालाचे किलो. सुटलेली पानंही त्यानं खिळ्याला अडकवून ठेवली होती. त्यातले मधलेच दोन महिने काढून मी किलो आणि बिलं ताडून पाहिली, मग स्टीलची खरेदी, वेल्डिंग वायरची रिळं, लाइट बिल, कामगारांच्या पगाराची वही. सगळं बसत होतं. भाडं, मजुरी, वाहतूक वजा जाता शंभरातले सतरा-अठरा रुपये याच्या हातात राहत असावेत. जीएसटीच्या विवरणपत्रांतली उलाढालही आयटी रिटर्नशी जुळत होती: २०२३-२४ला ४८ लाख, २०२४-२५ला ५२ लाख. इतकी स्वच्छ फाइल क्वचित हाताला लागते.

आणि रिटर्नमध्ये नफा किती? एका वर्षी दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, दुसऱ्या वर्षी तीन लाख बारा हजार.

मी विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, ते टॅक्ससाठी लिवलंय ओ. त्यात माझं घर चालंल व्हय?”

आता कलम ४४एडीबद्दल बोलणं आलं. संपादकांनी हा परिच्छेद कापू नये. (१ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण बाजारात अजून जुनाच क्रमांक चालतो.) छोट्या व्यावसायिकाला हिशेबाच्या वह्यांचा जाच नको म्हणून सरकारनं सोय केली: उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवा, आम्ही वह्या मागणार नाही. पैसे बँकेतून आले असतील तर सहाच टक्के. मर्यादा दोन कोटींची, रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींची. सोय उत्तम आहे. घोटाळा झाला तो समजुतीत. सहा टक्के ही तळाची रेघ. त्याहून कमी दाखवायचं तर वह्या, ऑडिट आणि पाच वर्षं या सोयीपासून फारकत, अशी भानगड मागे लागू शकते. पण जास्त दाखवायला कसलीच आडकाठी नाही. ‘किंवा त्याहून जास्त मिळवल्याचं स्वतः सांगितलं असेल तर तेवढे’ या अर्थाचे शब्द कलमातच आहेत. आमच्याकडे मात्र तळाच्या रेघेलाच सगळ्यांनी छत मानलं. फरसाणवाला सहा टक्के, मंडपवाला सहा टक्के, फॅब्रिकेटरही सहा टक्के. जणू गावातल्या सगळ्या धंद्यांनी सभा घेऊन नफा ठरवला! जास्त नफा न दाखवणं कायद्यात बसतं की नाही यावर कर सल्लागार आपसात भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. माझं भांडण वेगळं आहे.

ते भांडण असं. दोन वर्षांची सरासरी तीन लाख, म्हणजे महिना पंचवीस हजार. बँक साधारण निम्म्यापर्यंत हप्त्याला जागा देते, म्हणजे साडेबारा हजार. तेव्हा नऊ टक्के दर आणि वीस वर्षं मुदत धरली होती. त्या हिशेबानं लाखाला नऊशे रुपये हप्ता पडतो, म्हणजे पावणेचौदा लाखांच्या आसपास कर्ज. मागणी २८ लाखांची.

आता याच माणसानं सहाऐवजी तेरा टक्के दाखवले असते तर? तेरासुद्धा त्याच्या खऱ्या नफ्याच्या खालीच. ४८ लाखांवर सहा लाख चोवीस हजार, ५२ लाखांवर सहा लाख शहात्तर हजार. सरासरी साडेसहा लाख. निम्मे हप्त्याला धरले की महिना सत्तावीस हजार, म्हणजे तीस लाखांचं कर्ज. फ्लॅट झाला असता. आणि कर? त्या दोन्ही वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीनंतर कर शून्य होता. शून्य! तीन लाख दाखवून जेवढा कर वाचला, तेवढाच साडेसहा लाख दाखवूनही वाचला असता. सरकारचा यात रुपयाही बुडाला नाही, त्याचा रुपयाही वाचला नाही, फक्त फ्लॅट गेला. हे असं का झालं? तर रिटर्न भरणाऱ्यानं गेल्या वर्षीची फाइल उघडली, उलाढाल बदलली आणि टक्के तेच ठेवले.

यात आणखी एक बारकावा आहे, तो माझा आवडता. वह्या ठेवणाऱ्या धंद्यात यंत्रांचा घसारा नफ्यातून वजा झालेला असतो. तो पैसा खिशातून गेलेला नसतो, म्हणून कर्ज ठरवताना आम्ही तो परत मिळवतो. वीस लाखांच्या यंत्रावर पंधरा टक्क्यांनी पहिल्याच वर्षी तीन लाख. ४४एडीत मात्र घसारा सहा टक्क्यांच्या पोटातच गेला असं मानतात. तो वेगळा दिसत नाही, त्यामुळे परतही मिळवता येत नाही. म्हणजे नफा कमी दाखवला तो दाखवलाच, वर घसाऱ्याचाही आधार गेला.

मी टिपणीत शेडमध्ये पाहिलेलं सगळं लिहिलं, अगदी कॅलेंडरसकट, आणि शेवटी ‘मागणीप्रमाणे शिफारस करता येत नाही’ असंही लिहिलं. आजही तेच लिहीन. ज्या कागदावर त्यानं स्वतः सही केली, तो कागद बाजूला ठेवून माझ्या अंदाजावर अठ्ठावीस लाख द्या, असं कोणत्याही कर्ज समितीला सांगता येत नाही. तरी हे प्रकरण डोक्यातून जात नाही, कारण यात लबाड असं कुणीच सापडत नाही.

लोकांचे समज मात्र जागचे हलत नाहीत. सिबिल सातशे ऐंशी आहे, मग अडलंय कुठे? सिबिल एवढंच सांगतं की हा माणूस घेतलेलं फेडतो. किती फेडू शकेल, ते त्याच्या कामाच्या कक्षेत नाही. दुसरा प्रश्न तर लग्नातसुद्धा विचारतात: घर तारण आहे ना, मग बँकेला कसली भीती? २००२च्या सरफेसी कायद्यानं बँक कोर्टात न जाता घराचा ताबा घेऊ शकते, हे खरं. साठ दिवसांची नोटीस द्यायची, मग पुढची कारवाई. पण लिलावाच्या दिवशी त्या गल्लीतलं कुणी बोली लावायला फिरकत नाही आणि बाहेरचा आला तर भाव पाडून मागतो. बँकेला हप्ता हवा असतो, घर नको असतं. तिसरी जमात हुशारांची. अर्जाच्या आधी चार महिने मेहुण्याचे पैसे खात्यात आणून ठेवतात. आम्ही पाच, पंधरा, पंचवीस तारखांच्या शिलकी काढून सरासरी बघतो हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. आम्ही त्याच्या आधीचे महिनेही बघतो, हे सांगायचं राहून जातं. काहीजण तीन वर्षांची रिटर्नं एकाच आठवड्यात भरून आणतात. पोचपावतीवर तारीख छापलेली असते, बाबांनो.

रिटर्न न बघता अंदाजावर कर्ज देणाऱ्या गृहवित्त संस्था आहेत. नाही असं नाही. पण अनिश्चितीची किंमत त्या दरातून वसूल करतात. नवाऐवजी तेरा टक्के धरले तर याच २८ लाखांचा हप्ता पंचवीस हजार दोनशेवरून बत्तीस हजार आठशेच्या घरात जातो. वीस वर्षांत हा फरक अठरा लाखांवर पोचतो. माझ्या फॅब्रिकेटरनं हिशेब ऐकला आणि नको म्हणाला. विसारातला एक लाख परत मिळाला.

आमच्या पद्धतीबद्दल मला शंका नाही असं नाही. पगारदाराच्या तीन पावत्या आम्हाला पुरतात आणि याची तीन वर्षं पुरत नाहीत. पगारदाराचं गिऱ्हाईक एकच असतं, त्यानं नको म्हटलं की सगळंच थांबतं. याच्याकडे सात फाउंड्र्या आहेत. मंदीत फाउंड्र्यांनी हात आखडता घेतला तेव्हा यानं ग्रिल, गेट आणि शाळेचे बाक केले. कॅलेंडरवर तेही दिसत होतं. हे सगळं ‘अस्थिर उत्पन्न’ या एका रकान्यात भरावं लागतं, कारण दुसरा रकाना छापलेलाच नाही. समितीत हे बोलले की मान डोलावतात आणि पुढची फाइल उघडतात.

यंदा तो पुन्हा आला, दुसरा फ्लॅट बघून. रिटर्न भरणाऱ्या त्याच्या कर सल्लागारालाही जास्त नफा दाखवायचं सांगून झालं होतं. २०२५-२६पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही हे त्या सल्लागाराला आता समजलं आहे, आणि त्यानं एका दमात वीस टक्के लावले: उलाढाल ५५ लाख, नफा अकरा लाख. फॅब्रिकेटर खुशीत आहे. नियम असा की उत्पन्न एकदम उसळलं तर आदल्या वर्षाच्या सव्वापट किंवा फार तर दीडपटच धरायचं. आदल्या वर्षाचे तीन लाख बारा हजार, त्याचे दीडपट चार लाख अडुसष्ट हजार. फाइल माझ्या टेबलावर आहे आणि ‘उत्पन्न साडेतीनपट होण्याचे कारण’ हा रकाना अजून कोरा आहे. सोमवारी समिती आहे.