तीन सेकंदांचा अवकाश

साहित्याच्या वर्गात वेगाला फारशी प्रतिष्ठा नाही. एखादी कादंबरी 'घाईने लिहिलेली' आहे म्हटले की तिचा निकाल लागतो. 'मुरवून लिहिलेली' म्हटले की निम्मे कौतुक न वाचताच पदरात पडते. नेमबाजीचे आपले आदिम कथानकही याच वृत्तीचे आहे. झाड, पक्षी, पक्ष्याचा डोळा. द्रोणाचार्य शिष्यांना काय दिसते ते विचारतात, पण अर्जुनाला बाण सोडायला किती वेळ लागला, हे विचारीत नाहीत. त्या कथेत घड्याळ नाही.

पिस्तुलाच्या स्पर्धेत ते असते. महिलांच्या २५ मीटर प्रकारात साठ गोळ्यांपैकी उत्तरार्धातल्या तीस जलद फेरीच्या. हात खाली झुकलेला. सात सेकंद थांबायचे, मग तीन सेकंद लक्ष्य खुले. तेवढ्यात हात उचलायचा, नेम धरायचा आणि एकच गोळी झाडायची. आमच्या मालाडच्या महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी याची तयारी करीत असे. घरी एकच खोली, म्हणून गोळीविना सराव, तोही कोऱ्या भिंतीसमोर. भिंतीवर लक्ष्य का नाही, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "सर, लक्ष्य असलं की डोळे तिकडे पळतात. भिंत कोरी असली की पुढची साइट हलते कशी, ते दिसतं."

हे वाक्य आम्हांला समीक्षेच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा मोलाचे वाटते. तिच्या सांगण्यानुसार तीन सेकंदांतला चापावरचा क्षण आखडायचा नसतोच. वाचवायचा तो वेळ आधीचा: हात वर येतानाच बोटाने दाब देऊ लागायचे, नेम पुन्हापुन्हा पडताळीत बसायचे नाही. (सकाळच्या मालाड स्थानकावर लोकलमध्ये चढणाऱ्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. डबा कुठे येणार ते गाडीआधीच ठरलेले असते.)

याच विचाराचे टोक म्हणजे 'प्रॅक्टिकल शूटिंग'. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत कोलंबिया येथे स्थापन झाली. ब्रीद लॅटिनमध्ये, अचूकता, शक्ती आणि वेग अशा अर्थाचे. येथे नेमबाज धावतो, वळतो, मॅगझिन बदलतो आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. बारा गोळ्या अगदी मध्यभागी, ६० गुण, वेळ १२ सेकंद: भागाकार ५. दुसऱ्याच्या तीन गोळ्या किंचित बाहेर, ५४ गुण, पण वेळ ९ सेकंद: भागाकार ६. तोच जिंकला. मात्र त्याची मध्यभागी बसलेली एक गोळी जरी चुकली असती, तरी तिचे पाच गुण जाऊन वर दहांचा दंड बसला असता. ३९ भागिले ९, म्हणजे साडेचारही नाही. अचूकता आणि वेग यांत निवड करण्याची सोयच या भागाकाराने ठेवलेली नाही. यातले कसलेले खेळाडूही वेग कमावतात तो दोन गोळ्यांच्या मधल्या जागेत. पहिली गोळी सुटताच नजर पुढच्या लक्ष्यावर पोचलेली असते, पिस्तूल तिच्या मागून येते.

मराठीत यासाठी शब्द आहेत, फक्त आम्ही मंडळी ते सैल वापरतो. घाई म्हणजे कृती आखडणे; त्वरा म्हणजे कृतीच्या आधीची रेंगाळ काढून टाकणे. 'उरकणे' आणि 'आटोपशीर' यांतही तेच अंतर आहे.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी आशियाई क्रीडास्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची थायलंडच्या नेमबाजाशी ३४ गुणांवर बरोबरी झाली. पाच गोळ्यांच्या पहिल्या शूट-ऑफमध्ये दोघींच्या चार-चार लागल्या. दुसऱ्यात राहींच्या तीन, प्रतिस्पर्धिनीच्या दोन. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. आमच्या विद्यार्थिनीने ती अंतिम फेरी इतक्यांदा पाहिली होती की गोळ्यांचे आकडे तिला सांगावे लागत नसत. ती आम्हांला दाखवीत असे ती मधली सात सेकंदे: हात खाली, नजर समोर, आणि काहीच घडत नाही.