ओझर ते गोदाघाट

नाशिकहून आग्रा रोडने चांदवडच्या दिशेने निघाले की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. द्राक्षाचे मळे मागे पडतात आणि विमान कारखान्याची लांबच लांब भिंत सुरू होते. एच.ए.एल.चा हा कारखाना १९६४ चा. मिग-२१ इथे तयार झाले, पुढे मिग-२७ आणि सुखोई. आपल्यासारख्या घरांतल्या किती फिटर-टर्नरांचे हात त्या पत्र्यांना लागले असतील! आत जाता येत नाही. पण सुखोई डोक्यावरून गेले की टपरीवरचे बोलणे आपोआप थांबते. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे.

याच ओझरच्या विमानतळावर २८ फेब्रुवारी २०१९ च्या रात्री स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचे पार्थिव उतरले. हा वैमानिक नाशिकचा, भोसला सैनिकी शाळेत शिकलेला. आदल्या दिवशी सकाळी काश्मीरच्या आकाशात भारत-पाकिस्तानच्या विमानांची झटापट चालू असताना बडगामजवळ त्यांचे एम.आय.-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतले सहाही जण गेले आणि खाली जमिनीवरचा एक गावकरीही. ते शत्रूने पाडले असेल असेच कुणालाही वाटेल. पण चौकशीत निघाले की क्षेपणास्त्र आपलेच होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे उघडपणे कबूल केले. असे कबूल करायलाही छाती लागते.

२०२० च्या प्रजासत्ताकदिनी या सहा जणांचा मरणोत्तर गौरव जाहीर झाला. मांडवगणे आणि सिद्धार्थ वशिष्ठ या दोघा वैमानिकांना वायुसेना पदक. सार्जंट विशाल कुमार पांडे, सार्जंट विक्रांत सेहरावत, कॉर्पोरल दीपक पांडे आणि कॉर्पोरल पंकज कुमार या चौघांची नावे खलित्यात नोंदली गेली. म्हणजे वेगळे पदक नाही; सेवेच्या पदकाच्या फितीवर कमळाच्या पानाचे लहानसे चिन्ह.

वाचकहो, इथे मन अडखळते. हेलिकॉप्टर एक, क्षेपणास्त्र एक, मरण एक.

इंग्रजांच्या हवाई दलात तर हा भेद नियमातच लिहिलेला होता. १९१८ पासून उड्डाणातल्या शौर्याबद्दल अधिकाऱ्याला क्रॉस मिळे आणि सार्जंटला मेडल. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाँबफेकी विमानात अधिकारी-वैमानिकाच्या छातीवर क्रॉस आणि मागे मशीनगन धरून बसलेल्या सार्जंटच्या छातीवर मेडल, असे चाले. हा भेद मोडायला त्यांना १९९३ साल उजाडावे लागले. आपल्या देशाने मात्र १९५० मध्ये परमवीर, महावीर आणि वीर चक्र सुरू केले तेव्हापासून ती सर्व हुद्द्यांना खुली आहेत. वायुसेना पदकही तसेच. नियमात दार उघडे आहे, ही मोठी गोष्ट. त्या दारातून कोण आत जातो, हे मात्र शिफारस लिहिणारा साहेब ठरवतो.

ओझरहून परत येताना पंचवटीत उतरावे. काळाराम सत्याग्रहामुळे हा भाग आपल्या घराघरात ठाऊक आहे. गोदेच्या याच घाटावर १ मार्च २०१९ रोजी लष्करी इतमामात मांडवगणे यांना निरोप दिला गेला. सारे शहर लोटले होते. बाकीच्या पाच जणांना आपापल्या गावी असाच निरोप मिळाला. त्यांची नावे वर दिली आहेत. घाटावर बसून ती मुलांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावीत.